गप्पी डावीकडे, शार्क उजवीकडे

खडकीचं क्वार्टर सोडून आम्ही हडपसरजवळच्या मांजरी गावातल्या या इमारतीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सामानाची खोकी तशीच पडलेली, मी केसांना फडकं बांधून भांडी काढत होते. दारात एक उंच, वाळकेसे गृहस्थ उभे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी छोटी बॅटरी.

"मी समोरचा मेश्राम," ते म्हणाले. "तुमच्या फ्रिजच्या मागचा ट्रे पाहू का?"

सुनेला वाटलं मी मेकॅनिक बोलावला. मला वाटलं सुनेनं बोलावला. त्यामुळे आम्ही दोघींनीही त्यांना आत घेतलं. ते गुडघ्यावर बसले, बॅटरी लावून फ्रिजमागं डोकावले, ट्रे बोटानं चाचपला. "कोरडा आहे. आठ दिवसांत भरन. तेव्हा येतो." मग गॅलरीत जाऊन कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या, न्हाणीतल्या पिंपावरचं झाकण उचलून परत बसवलं, आणि खिशातला खडू काढून विजेच्या मीटरच्या दाराच्या आतल्या बाजूला तारीख टाकली. जाताना 'येतो' नाही, 'बरं' नाही. म्हणाले, "झाकणं लावत जा."

सून म्हणाली, "आई, हे कोण होते?"

मी म्हटलं, "बाई, मला काय माहीत. पण आठ दिवसांनी येणार आहेत."

आले. बरोब्बर आठव्या दिवशी. ट्रे भरलेला होता.

त्या समोरच्या दाराला आता कुलूप आहे. वर्ष होत आलं. मी काही शिकलेली नाही, सातवी पास, पुढचं जे आलं ते वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून आलं. पण या मेश्रामभाऊंबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं असं फार वाटतं, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे मीच, कारण बाकी कुणाला ते माहीतच नाहीत. इमारतीत एवढी घरं, पण त्यांचं नाव विचारलं तर लोक म्हणतील, ते मच्छरवाले काका ना?

भाऊ महापालिकेच्या कीटक विभागात होते. जन्मभर एकच काम. पत्र्याच्या डब्यात गप्पी मासे घेऊन पेठापेठांतून हिंडायचं आणि हौदांत, विहिरींत, बांधकामावरच्या टाक्यांत सोडायचे. गप्पी म्हणजे नखाएवढा मासा हो. गोड्या पाण्यातला, नराच्या शेपटीला जरा रंग, मादी आपली मातकट. डासांच्या अळ्या खातो, एवढीच त्याची ख्याती. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना शाल-नारळ मिळतो, भाऊंनी वर ओंजळभर मासे मागून घेतले. त्या माशांच्या पिढ्यानपिढ्या भाऊंच्या गॅलरीत, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमात नांदत होत्या.

गाव भंडाऱ्याकडचं. चाळीस वर्षं पुण्यात काढली तरी 'मला'चं 'मले' राहिलं ते राहिलंच. मी त्यांना भाऊ म्हणे, ते मला ताई. बायको आधीच गेलेली. मुलगा प्रशांत ऑस्ट्रेलियात, पर्थला. त्यानंच हा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊन दिला. एका खिडकीतून ऊस दिसायचा, दुसरीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या. भाऊ म्हणायचे, "अकराव्या मजल्यावर डास चढत नाही म्हणतात. चढतो. लिफ्टनं येतो."

सोसायटीच्या मधोमध एक शोभेचं कारंजं होतं. कारंजं कधी उडालं नाही, पाणी मात्र साचलेलं. भाऊंनी एका सकाळी त्यात गप्पी सोडले. आमचे चेअरमन तरुण, कॉम्प्युटरवाले, सतत कानात काहीतरी घातलेलं. ते म्हणाले, "काका, आधी परमिशन घ्यायला हवी होती."

भाऊ म्हणाले, "डासांनी घेतली होती का?"

मी नंतर म्हटलं, "भाऊ, हे फारच पुणेरी झालं." तर म्हणाले, "तुमच्याच लोकांनी शिकवलं नं, ताई. पेठांमध्ये."

आणि मग शनिवार पेठेतल्या एका आजींची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीची. डबा घेऊन दारात गेले.

"काय आहे?"

"आजी, तुमच्या हौदात मासे सोडायचे आहेत."

"आम्हालाच जागा पुरत नाही."

"ते हौदातच राहतील, आजी. डासांच्या अळ्या खातील."

"म्हणजे आमच्या घरात मांसाहार होणार." मग थोडं थांबून, "आडनाव काय तुमचं?"

"मेश्राम."

आजींनी दार अर्धं लोटलं. "डबा तिथंच ठेवा. मुलगा संध्याकाळी आला की तो सोडेल."

आता डबा ठेवून जावं तर उन्हात मासे मरणार. म्हणून भाऊ डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसले, संध्याकाळपर्यंत. चार वाजता आजींनी चहा आणून पायरीवर ठेवला. सहाला मुलगा आला, त्यानं डबा आत नेला, रिकामा परत दिला.

"मासे गेले आत," भाऊ हसत म्हणाले. "त्यांना कोणी आडनाव विचारलं नाही."

मला त्या हसण्यात सामील होता येईना. खाली बघून पदराचं टोक पिळत बसले. तर माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाले, "ऐका तर पुढं. दुसऱ्या वर्षी गेलो तर आजींनी स्वतःच झाकण उचललं. म्हणाल्या, हे तुमचे नातेवाईक फार झालेत, थोडे घेऊन जा. मी आत गेलो, ताई. हौदापर्यंत गेलो."

असे भाऊ. आता त्यांच्या यशूबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

यशोधरा म्हणजे त्यांची नात. एकुलती. तिकडंच जन्मली, मराठी समजायची पण बोलायला लागली की दोन शब्द मराठी, चार इंग्रजी. दर रविवारी सकाळी साडेनऊला प्रशांतचा व्हिडिओ फोन यायचा. भाऊ नऊपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर. फोन यायचा, प्रशांत विचारायचा, बाबा तब्येत, बाबा औषधं, मग यशूच्या हातात फोन. "हाय आजोबा." "कशी आहेस?" "गुड." "शाळा?" "गुड. बाय आजोबा." झालं. अर्ध्या मिनिटाचा कारभार. इस्त्रीचा शर्ट दिवसभर अंगावर तसाच असायचा.

यशू सहा वर्षांची असताना एका रविवारी तिनं विचारलं, आजोबा, तुमच्याकडं पेट आहे का? भाऊंनी काचेच्या बरणीत एक गप्पी घेऊन दाखवला. ती म्हणाली, "सो स्मॉल. मला शार्क आवडतो." भाऊंनी विचारलं, "तुझा शार्क किती मोठा?" तर तिनं हात पसरले, ते पुरेनात, म्हणून ती धावत सुटली, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"फोनमधून बाहेर गेली, ताई," भाऊ मला जिन्यात थांबवून सांगत होते, "आणि परत आली. धापा टाकत होती. म्हणे एवढा मोठा. मी म्हटलं, एवढा? तर परत धावली. चार मिनिटं झाली."

दुसऱ्या दिवशी हडपसरला जाऊन दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर गप्पी, उजव्या पानावर शार्क. ज्या माणसानं जन्मभर नखाएवढ्या माशाशिवाय काही पाहिलं नाही, तो माणूस शार्कचा अभ्यास करायला बसला. रद्दीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, शेजारी डिक्शनरी. समुद्र तरी यांनी किती पाहिलेला? एकदाच. ऑफिसची सहल मुरूडला गेली होती. सगळी मंडळी पाण्यात, आणि हे किनाऱ्यावर नारळाच्या करवंट्या उलट्या करत फिरत होते. पाऊस होऊन गेलेला, करवंट्यांत पाणी साचलेलं, त्यात अळ्या. "समुद्र चांगला आहे," एवढंच त्यांचं मत. "खारं पाणी. आमच्या विभागाचा संबंध नाही."

शनिवारी संध्याकाळी त्या न उडणाऱ्या कारंज्याजवळच्या बाकावर ते मला वही वाचून दाखवत. रविवारची तयारी. मी भाजी निवडत ऐके.

"गप्पीचं तोंड वर वळलेलं, काऊन की त्याचं अन्न वर लटकते. शार्कचं तोंड खाली."

"बरं."

"गप्पीच्या पोटात हवेची पिशवी असते. तो एका जागी उभा राहू शकतो, नुसता. पांढऱ्या शार्कला पिशवी नाही. आणि तो थांबला तर त्याच्या कल्ल्यातून पाणी वाहत नाही, श्वास बंद. म्हणून जन्मल्यापासून मरेपर्यंत पोहतच राहतो."

"म्हणजे बूड टेकायचंच नाही?"

"नाही. आमच्या प्रशांतसारखं."

शार्कच्या अंगात हाड म्हणून नसतं, आपल्या कानाच्या पाळीसारखी कुर्चा असते. गप्पी एवढासा, पण हाडाचा. शार्कचे दात पडतात आणि मागच्या ओळीतले पुढं येतात, जन्मभर. समोरच्या प्राण्याच्या अंगात जी बारीकशी वीज असते, ती शार्कला पाण्यातून कळते, अगदी वाळूखाली लपला तरी. हे ऐकून मी मेथीची जुडी खालीच ठेवली. आणि भाऊंचं एक ठरलेलं म्हणणं होतं, शार्कबद्दल थोडं आकसानंच ते बोलायचे: "शार्क एखाद्याला चावला तर जगभर बातमी. गप्पीनं वाचवलं तर ज्याला वाचवलं त्यालाही माहीत नसते."

रविवारी फोन धरायचं काम माझ्याकडं आलं. भाऊंच्या एका हातात वही, एका हातात बरणी, मग फोन कोण धरणार? माझ्या घरात रविवारी सगळे उशिरा उठतात, म्हातारीला साडेनऊला कुणी शोधत नाही. यशू मला 'फोनवाली आजी' म्हणायची. मी फक्त कोपऱ्यातला अंगठा.

पहिले काही रविवार बरे गेले. मग मी बघू लागले की भाऊ वहीतलं वाचतात, आणि ती म्हणते, "ओके." दुसरं वाचतात. "ओके." तिला ते सगळं आधीच पाठ. तिकडं समुद्रकिनारी शाळेतच शिकवतात म्हणे. बोलणं दोन मिनिटांवर आलं.

आणि एका रविवारी भाऊ म्हणाले, "यशू, शार्कच्या अंगात दोनशे हाडं असतात."

मी बाजूनं म्हणाले, "अहो भाऊ, काल तर तुम्ही..." तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली.

तिकडून यशू, "नो आजोबा. शार्कला बोन्स नसतात. एकपण नाही."

"असं कसं? एवढा मोठा प्राणी."

"कार्टिलेज असतं. आजोबा, तुमचा कान पकडा. पकडला? आता फोल्ड करा."

भाऊंनी वही-बरणी खाली ठेवून कान पकडला. ती समजावत राहिली, कागदावर चित्र काढून दाखवलं, मधेच आईला हाका मारून 'आजोबांना माहीतच नाही' असं सांगून आली. सोळा मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितली.

फोन बंद झाल्यावर भाऊ म्हणाले, "ताई, बरोबर सांगितलं तर ओके म्हणते. चूक सांगितली तर थांबते."

त्या दिवसापासून वहीत उजव्या पानाच्या कडेला लाल पेनानं तिसरा रकाना आला. त्याचं नाव 'चूक'. आणि सांगते, बरोबर लिहिण्यापेक्षा त्या रकान्याला त्यांचा जास्त वेळ जायचा. चूक फार बावळट असून चालत नाही, तिला संशय येईल. फार अवघडही नको, तिला उत्तर यायला हवं. "चूकही वयाप्रमाणं पाहिजे," म्हणायचे. सातव्या वर्षी 'शार्क पालापाचोळा खातो.' आठव्या वर्षी 'शार्क कासवासारखा किनाऱ्यावर येऊन अंडी पुरतो.' शनिवारी बाकावर माझ्यावर करून बघायचे. "ताई, हे ऐकून तुम्हाले राग येते का? थोडा आला पाहिजे."

एकदा तर हडपसरच्या माशांच्या दुकानातून खरोखर शार्क घेऊन आले. तिथं 'शार्क' म्हणून एक करडा, मिशीवाला मासा विकतात, वीतभर. दुकानदार शपथेवर शार्क सांगतो. भाऊंनी जन्म माशांत काढलेला, त्यांना काय कळत नव्हतं? पण रविवारी मोठ्या थाटात फोनसमोर धरला. "यशू, आजोबांनी शार्क आणला." ती नाक काचेला लावल्यासारखं लावून बघत राहिली. मग फार हळू, दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला फसवलं. हा कॅटफिश आहे." आणि मिशा कशा ओळखायच्या, कल्ले कसे मोजायचे, शार्कच्या कल्ल्यांना पाच उघड्या चिरा, याला झाकण, सगळं. अर्धा तास. भाऊ कपाळाला हात लावून बसले होते, मोठे फसल्यासारखे. मला हसू आवरत नव्हतं, फोन हलत होता.

दुपारी त्या मिशीवाल्यानं ड्रमातले चौदा गप्पी खाल्ले. भाऊंनी तो दुकानात परत नेऊन दिला. म्हणाले, "महाग पडला. पण अर्धा तास झाला, ताई."

यशू नऊ वर्षांची असताना एकदाच आली. नागपूरला कुणाचं लग्न होतं, तिथून परतताना पुण्यात दीड दिवस. त्यातला एक दिवस ती झोपलेलीच, लग्नाची जागरणं अंगात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गॅलरीत आली, तर एका गप्पी मादीला पिल्लं होत होती. गप्पी अंडी घालत नाही, बरं का, जिवंत पिल्लं होतात. आणि त्या पांढऱ्या शार्कलाही तसंच. एवढ्या सगळ्या वहीत दोघांचं सारखं असं हेच काय ते एक. यशू ड्रमावर ओणवी. टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं सुटत होती, आणि आई गर्रकन वळून त्यातलीच खायला लागली. पोर कळवळली. "आजोबा, स्टॉप हर." भाऊंनी चहाची गाळणी आणली, दोघांनी मिळून पिल्लं वेगळ्या बरणीत काढली. मी चहा घेऊन आले होते, ट्रे हातात धरून तशीच उभी.

"ती का खाते?" यशूनं विचारलं.

"जागा लहान. आणि तिले ओळखू येत नाही, बेटा, आपली कोणती."

यशू विचार करून म्हणाली, "शार्क मॉमी खात नाही. ती स्विम अवे करते. लांब निघून जाते."

"मग शार्क बरा," भाऊ म्हणाले.

आत प्रशांत लॅपटॉपवर कुणाशी तरी बोलत होता. दुपारी दोनला त्यांची गाडी आली.

पुढची चार वर्षं रविवार चालू राहिले. ती मोठी होत गेली, शार्क मागं पडत गेले हे मलाही दिसत होतं. मागच्या भिंतीवरचं शार्कचं चित्र गेलं, तिथं कुणी गाणारी मुलं आली. तरी चूक ऐकली की ती वर बघायचीच. पोरीचा स्वभाव. चुकीचं तिला सहन व्हायचं नाही. भाऊंचा सगळा भरवसा त्या एका गोष्टीवर होता.

गेल्या वर्षी, ती तेरा वर्षांची, एका रविवारी भाऊंनी राखून ठेवलेली चूक काढली. "यशू, शार्क जसा पुढं पोहतो तसाच मागंही पोहतो. रिव्हर्स." शार्कला मागं पोहता येत नाही. गप्पीला येतं थोडं. ही चूक वहीत लिहून त्यांनी दोन वर्षं जपून ठेवली होती.

यशू म्हणाली, "हो आजोबा? मस्त."

भाऊ थांबले. त्यांना वाटलं तिला ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हणाले, "मागं. रिव्हर्स. गाडीसारखा."

"हो आजोबा. कूल."

आणि हसली. छान, मोठ्या माणसासारखं हसली. बाय म्हणाली. फोन काळा झाला आणि त्यात आम्हा दोघांचेच चेहरे दिसायला लागले. मी फोन उलटा ठेवला.

पुढच्या रविवारी भाऊंनी वही घेतलीच नाही. सरळ म्हणाले, "यशू, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. शार्कला मागं जाता येत नाही."

"आय नो, आजोबा."

"मग बोलली काऊन नाहीस?"

ती इकडंतिकडं बघायला लागली. मग म्हणाली, "डॅडी म्हणाले आजोबांना करेक्ट नको करू. ते विसरतात. म्हणजे... तुम्हाला बॅड वाटेल म्हणून."

तर असं होतं ते. सात वर्षं हा माणूस विचार करकरून चुका करत होता, आणि तिकडं दुसऱ्या खोलीत बसून ऐकणाऱ्या मुलाला वाटत होतं, बाबांची स्मरणशक्ती चालली. आज हाडं विसरले, उद्या घरचा पत्ता विसरतील. पोरीला काळजीनंच सांगितलं त्यानं. त्याचंही काय चुकलं? अकराव्या मजल्यावर एकटा बाप.

प्रशांतचा त्याच दिवशी वेगळा फोन आला. हडपसरला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, बुधवारी जाऊन या, मी फोनवर असेन.

मी भाऊंना म्हटलं, "सांगून टाका. वही दाखवा. लाल रकाना दाखवा. दोन मिनिटांत मिटेल."

भाऊंनी ड्रमावर वाकून गप्पी पाहिले. मग म्हणाले, "प्रशांतला काय सांगू? की पोरगी फोनवर थांबावी म्हणून खोटं बोलत होतो? आणि तिनं मले शिकवलं नं, ताई, सात वर्षं. शाळेत निबंध लिहिला तिनं, मी आजोबांना शार्क शिकवते म्हणून. ते सगळं खोटं होतं असं सांगू?"

आणि पुढं म्हणाले, "डॉक्टरकडे सगळं बरोबर सांगतो. तपासून घेऊ दे त्याला. काळजी मिटन."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. महिन्याभरात प्रशांत चार दिवस आला. भाऊंना एकटं ठेवायचं नाही असं ठरलं. तळेगावच्या बाजूला ज्येष्ठांसाठी एक जागा आहे, चोवीस तास नर्स, बाग. वाईट नाही. मी दोनदा जाऊन आले, माझ्या मुलाला सुट्टी असते तेव्हा तो नेतो. तिथं ड्रम ठेवू देत नाहीत. प्रशांत आता रोज फोन करतो, हे मात्र खरं. बऱ्याचदा यशूही असते. भाऊ बरे आहेत. मला ओळखतात, सुनेची चौकशी करतात, फ्रिजच्या ट्रेची करतात.

पण माझ्या डोळ्यासमोर जे भाऊ राहिलेत ते त्या बुधवारचे.

रिक्षात ते अगदी ताजेतवाने होते. "बुधवार आहे, दवाखान्यात गर्दी कमी असन," म्हणाले, आणि तसंच होतं. डॉक्टर मऊ बोलणारे, तरुण. मी नेहमीसारखा फोन धरला. पडद्यावर प्रशांत, ऑफिसच्या शर्टात, घरीच. तिकडं शाळेला सुट्टी असल्यानं मागच्या सोफ्यावर यशू, पाय वर घेऊन, स्वतःच्या मोबाइलमध्ये मान घातलेली.

"काका, तुमचं पूर्ण नाव सांगा."

सांगितलं.

"आपण आत्ता कुठल्या शहरात आहोत?"

"पुणे. हडपसर. तुमच्या जिन्याखाली दोन रिकाम्या कुंड्या आहेत, त्यात पाणी आहे."

डॉक्टर हसले. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं, भाऊ धडाधड खाली येत गेले. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, तिन्ही परत सांगितले. प्रशांतचा चेहरा सैल होत गेला. त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. "ग्रेट, बाबा. एकदम ओके आहे मग. डॉक्टर, मला एक मीटिंग आहे, तुम्ही रिपोर्ट मेल कराल का? बाबा, रविवारी बोलू." मागं यशूनं मान वर न करता हात हलवला.

डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाले, "एकच राहिलंय. काका, आज वार कोणता?"

भाऊंनी पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला कळलं. मी बोलू शकले असते. रिक्षातलं सांगू शकले असते, अजूनही रोज वाटतं. मी फोन फक्त थोडा वर धरला, तिचा चेहरा नीट यावा म्हणून.

भाऊ म्हणाले, "रविवार."

प्रशांत उठता उठता थांबला. आणि सोफ्यावरची मान वर झाली. तिला काय सांगून ठेवलं होतं ते ती विसरली असणार.

"नो, आजोबा," यशू म्हणाली, "आज वेन्सडे आहे. बुधवार."

"असं कसं?" भाऊ म्हणाले. "तू दिसते आहेस नं. म्हणजे रविवारच."

"नाही आजोबा, ऐका." ती उठून पुढं आली, बापाच्या खांद्यावरून वाकली, तिचा चेहरा सगळा पडदाभर झाला. "काल मंगळवार होता, राइट? परवा सोमवार. सोमवारी तुम्ही काय केलं?"

भाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि खुर्ची पुढं ओढली.

"सोमवारी?" ते म्हणाले. "थांब हं. सांग बरं पहिल्यापासून."